दोन्हीकडून: बीजगणितात अडकलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

ती माझ्याकडे आली तेव्हा बीसीएच्या पहिल्या सत्रात गणिताला तिची सप्लीमेंट्री लागली होती. १०० पैकी १९. बाकीचे पेपर व्यवस्थित निघाले होते. वय ३१, एक मुलगा नऊ वर्षांचा. शिक्षण हिंदी माध्यमातून, बारावी कला शाखेतून, म्हणजे गणित दहावीनंतर सुटलेलं. माहेर उज्जैनचं, सासर इथलं, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातलं. घरात मराठी, बाजारात हिंदी, पेपर इंग्रजीतून. एका खाजगी दवाखान्यात ती बिलिंगच्या खिडकीवर बसते. पदवी हातात आली तर आतल्या कॉम्प्युटरच्या कामावर घेऊ, असं तिथं तिला सांगितलंय, म्हणून हा सगळा खटाटोप.

मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तिच्या सासूबाईंची आणि माझी जुनी ओळख, म्हणून मी तिची काकू. हे सगळं तिच्या परवानगीनं लिहितेय. नाव नको म्हणाली, तेव्हा नाव नाही.

पेपर म्हणजे कॉलेजच्या बीजगणिताची तोंडओळख: घातांक, अवयव पाडणं, एका चलातली समीकरणं, असमानता, वर्गसमीकरण, शेवटी लॉगरिदम. यातलं पुष्कळसं नववी-दहावीचंच आहे. पण शाळेत जे दोन वर्षं चालतं ते इथं एका सत्रात उरकतात, आणि सगळ्यांना ते आठवतंय असं धरून चालतात.

कॉपीत, म्हणजे वहीत, काय सापडलं

घरच्यांचं, कॉलेजातल्यांचं आणि खुद्द तिचंही निदान एकच होतं: सराव कमी पडतो. मीही ते मानलं आणि पहिले तीन आठवडे तिला गणितं घालत राहिले. एका जातीची वीस गणितं दिली की शेवटची दहा बरोबर यायची. मग चार जातींची मिसळून दिली की सगळं कोसळायचं. दिवसभर रांगेतल्या माणसांचे पैसे न चुकता मोजणारी ही मुलगी आकड्यांत कच्ची असणं शक्यच नव्हतं, हे मला फार आधी सुचायला हवं होतं.

मग मी तिच्या दोन्ही जाड कॉप्या मागून घेतल्या. २०० पानी, गच्च भरलेल्या. सराव कमी होता असं त्या कॉप्या पाहून कोणी म्हणूच शकलं नसतं. त्यातली ४० गणितं निवडली आणि उत्तर बरोबर की चूक हे न बघता एकच शोधत गेले: खरं सुटून खोटं सुरू झालं ती पहिली ओळ कोणती? तिच्यावर लाल टिंब. २४ गणितं चुकलेली होती. त्यातल्या १५ मध्ये लाल टिंब अशा ओळीवर पडलं, जिथं काहीतरी बरोबरच्या चिन्हावरून उडी मारून पलीकडे गेलं होतं.

एक इथं उतरवते. तिनं इंग्रजी अक्षर वापरलं होतं, मी आपला क्ष लिहिते.

३क्ष = १२
क्ष = १२ ÷ (−३)
क्ष = −४

मी विचारलं, उणे कुठून आलं? तिनं जराही न अडखळता सांगितलं, “काकू, तीन पलीकडे नेला ना. पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.” मग गुणाकाराचा भागाकार का केलास? “तेही बदलतं.”

तिला शाळेत दोन्ही वाक्यं शिकवली होती आणि तिनं दोन्ही इमानदारीनं पाळली होती. हिंदीत ‘पक्षांतरण करने पर’ असं लिहून पुढची ओळ लिहायची, मराठी शाळांतही ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ असंच सांगतात. अधिकाचं उणे आणि गुणिलेचं भागिले, हे दोन वेगळ्या प्रसंगांचे दोन वेगळे परिणाम आहेत. तिच्या डोक्यात तो एकच नियम झाला होता: पलीकडे गेलं की शक्य ते सगळं बदलायचं. मी तिला −४ मूळ समीकरणात ठेवून बघ म्हटलं. तीन गुणिले उणे चार, उणे बारा. ती माझ्याकडे बघतच राहिली. चूक सापडली याचं तिला एवढं वाटलं नाही. उत्तर परत आत घालून आपलं आपण तपासता येतं, हेच तिला नवीन होतं. ताळा करणं हा शब्द तिनं आजीच्या तोंडून हिशेबाच्या संदर्भात ऐकला होता, गणिताच्या कॉपीत त्याला जागा असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसरी एक ओळ जागोजाग होती:

२क्ष + ६ = १४ = १४ − ६ = ८ = ४

उत्तर ४ बरोबर आहे, म्हणून कॉलेजात तिला अशा ओळींवरही बरोबरची खूण मिळालेली. पण वाचून बघा: १४ म्हणजे ८, ८ म्हणजे ४. तिच्या लेखी = या चिन्हाचा अर्थ ‘आता पुढचं उत्तर लिही’ असा होता. कॅल्क्युलेटरवर तो खरोखर तसाच असतो. बटण दाबलं की आकडा येतो, आणि ती दिवसभर तेच बटण दाबते. हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या गणितज्ञानं छापलं, तेव्हा त्यानं दोन समांतर रेघा घेतल्या त्या एवढ्याचसाठी, की त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी त्याला सुचल्या नाहीत. दोन रेघा, दोन्ही तोलाच्या. तिला मात्र त्या जागी बाण दिसत होता.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथंच होतं. तिला बीजगणित येत नव्हतं असं म्हणणं घाईचं झालं असतं, कारण बीजगणित तिला अजून कोणी दाखवलंच नव्हतं. तिला त्याची लघुलिपी तेवढी दिली होती.

तराजू

तिच्या सासऱ्यांचं दौलतगंजात किराणा दुकान होतं, आता बंद आहे. पितळी पारड्यांचा तराजू माळ्यावर पडून होता. तो तिनं चिंचेनं घासून आणला आणि आम्ही माझ्या मधल्या दाराच्या कडीला टांगला. साबुदाणा भरून तीन पुरचुंड्या बांधल्या, तिन्ही सारख्या वजनाच्या. किती ते मी तिला सांगितलं नाही. डाव्या पारड्यात तीन पुरचुंड्या आणि ५० ग्रॅमचं वजन. उजव्यात २००, २००, ५०, ५०. काटा मधोमध.

“लिही,” म्हटलं. तिनं लिहिलं: ३क्ष + ५० = ५००.

“आता ५० पलीकडे ने.”

तिनं डावीकडचं ५० चं वजन उचललं. डावं पारडं वर गेलं. वजन हातात घेऊन ती थांबली. नियमाप्रमाणे ते आता उजवीकडे ठेवायचं होतं, आणि ठेवलं तर उजवं आणखीच खाली जाणार हे डोळ्यांना दिसत होतं. बराच वेळ गेला. मी काही बोलले नाही. मग तिनं हातातलं वजन जमिनीवर ठेवलं, उजव्या पारड्यातलं एक ५० उचललं आणि तेही खाली ठेवलं. काटा परत मध्ये आला.

“म्हणजे पलीकडे काही जातच नाही,” ती म्हणाली. “दोन्हीकडून काढायचं.”

आता तीन पुरचुंड्या आणि ४५०. मी म्हटलं, आता तीन काढ. ती पुरचुंडीकडे हात नेता नेता थबकली. “तीन काय काढू? तीन ग्रॅम?” हा प्रश्न तिनं स्वतःहून विचारला, तेव्हाच माझं अर्धं काम झालं. क्षच्या आधी बसलेला तीन हे वजन नाही, ती मोजदाद आहे. ती काढता येत नाही, वाटता येते. २००, २०० आणि ५० चे तीन सारखे वाटे होईनात, म्हणून तिनं डब्यातून सुटी वजनं घेतली आणि १५०, १५०, १५० अशा तीन राशी लावल्या. एकेका पुरचुंडीसमोर एकेक रास. उणे चिन्ह कुठेच आलं नाही.

त्या दिवसापासून पाच आठवडे एकच शिस्त ठेवली. ‘पक्षांतर’ हा शब्द बंद. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे समासात लिहायचं: दोन्हीकडून ५० वजा. दोन्हीकडून ३ ने भागलं. आणि शेवटी ताळा. कॉपी संथ चालायची, पान तीन गणितांत संपायचं. ती दोनदा म्हणाली की असं लिहीत बसले तर पेपर पुरा होणार नाही. मी म्हटलं, परीक्षेच्या महिनाभर आधी आखूड करू, पण काय आखडतेयस ते माहीत असू दे. पक्षांतर वाईट नाही. मी स्वतः रोज तसंच करते. फक्त ते पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट नाही.

तिला आवडलेली एक गोष्ट सांगते. अल्जेब्रा हे नाव ज्या अरबी शब्दावरून आलं तो ‘अल-जब्र’. इ.स. ८२० च्या आसपास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीनं तो या कामासाठी वापरला. जब्र म्हणजे मोडलेलं सांधणं, अगदी मोडलेलं हाड बसवतात तसं: एका बाजूला काही वजा असेल तर दोन्हीकडे तेवढं मिळवून ती बाजू भरून काढायची. त्याच्या जोडीला दुसरा शब्द ‘मुकाबला’, दोन्हीकडच्या सारख्या गोष्टी समोरासमोर आणून उडवायच्या. मुकाबला हा शब्द ग्वाल्हेरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरं पारडं नसतं तेव्हा

तराजूमुळे आणखी एक चूक उजेडात आली. तिची मला कल्पना नव्हती. प्रश्न होता क्ष/२ + क्ष/३ सोपं रूप द्या. तिचं उत्तर: ३क्ष + २क्ष = ५क्ष. सगळ्याला ६ ने गुणून छेद घालवले होते. समीकरणात हे चालतं, म्हणून इथंही चालवलं. मी विचारलं, दुसरं पारडं कुठाय? तिनं कॉपी पुन्हा पाहिली. बरोबरचं चिन्हच नव्हतं. एकाच पारड्यातला माल सहापट केला तर तो माल सहापटच होणार. क्षच्या जागी ६ घालून पाहिलं: ३ आणि २, पाच, तिच्या उत्तराप्रमाणे तीस. उत्तर ५क्ष/६ हवं होतं.

इथं भाषेचा घोळही होता आणि तो मी कमी लेखला होता. शाळेत ती ‘व्यंजक’ आणि ‘समीकरण’ शिकली, मी ‘राशी’ आणि ‘समीकरण’ म्हणत होते, पेपरात एक्स्प्रेशन आणि इक्वेशन. तिचा चर तो माझा चल. तिचा गुणांक तो माझा सहगुणक, म्हणजे क्षच्या आधी बसलेली संख्या. तिचा हर तो माझा छेद. पेपरात सिम्प्लिफाय, फॅक्टराइज आणि सॉल्व्ह या तिन्ही शब्दांना ती ‘करा’ एवढंच समजत होती. आम्ही एका पुठ्ठ्यावर तीन रकाने काढले, तिन्ही भाषांतले शब्द लिहिले, आणि पुठ्ठा तराजूखाली भिंतीला लावला. सॉल्व्हच्या पुढे तिनं दोन पारडी काढली, इतर दोन शब्दांपुढे एकच.

मग एक दिवस ती क्ष² = ५क्ष हे गणित घेऊन आली. उत्तर क्ष = ५. समासात ठळक लिहिलेलं: दोन्हीकडून क्ष ने भागलं. “दोन्हीकडून केलंय काकू, तरी पुस्तकात दोन उत्तरं आहेत.” तक्रार रास्त होती. पाळलेला नियम खरा होता आणि तरी ० हे उत्तर हरवलं होतं. क्ष स्वतःच शून्य असेल तर आपण शून्यानं भागून बसलो. शून्यानं का भागायचं नाही, याबद्दल तिला ‘मना है’ एवढंच माहीत होतं. मी तिला सांगितलं की याच्याशी मोठमोठी माणसं झगडली आहेत. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली शून्याचे आणि धन-ऋणाचे नियम लिहिले, त्यातले बहुतेक आपण आजही वापरतो, पण शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं जे त्यानं म्हटलं ते टिकलं नाही. भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या संख्येला ‘खहर’ असं नाव दिलं. ख म्हणजे शून्य. “आणि हर म्हणजे आमचा हर!” ती म्हणाली. हिंदी शाळेतला तो शब्द तिला तेवढ्यात थेट बाराव्या शतकापर्यंत घेऊन गेला.

तराजू सगळीकडे पुरत नाही, हेही इथंच नोंदवते. ऋण वजन पारड्यात ठेवता येत नाही. त्यासाठी उधारीची वही बरी, आणि ब्रह्मगुप्तानंही धन-ऋण म्हणजे मालमत्ता आणि कर्ज असंच मांडलं होतं. असमानतेत दोन्हीकडून उणे संख्येनं भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं, −२क्ष > ६ चं क्ष < −३ होतं, ते तराजूवर मला तरी दाखवता आलं नाही. ते संख्यारेषेवर केलं आणि ते अजून थोडं डळमळीतच आहे.

किल्ल्यावरची बाग

शून्याचा विषय निघालाच होता, आणि ग्वाल्हेरात राहून तिनं चतुर्भुज मंदिर पाहिलेलं नव्हतं. एका रविवारी सकाळी तिला आणि मुलाला घेऊन मी पूर्वेच्या वाटेनं किल्ला चढले. एका खडकात कोरलेलं लहानसं विष्णूचं देऊळ. आत भिंतीवर शिलालेख, विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. देवाच्या फुलांसाठी दिलेल्या बागेचं माप त्यात आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. आणि रोजच्या ५० माळांची सोय. २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण लिहितो तसंच वाटोळं, बाकीच्या अंकांपेक्षा जरा लहान. तिच्या मुलानं ते आधी शोधलं. आजही दिसणाऱ्या आणि साल नक्की माहीत असलेल्या लिखित शून्यांत याची गणना फार जुन्यांत होते.

संध्याकाळी मी तिला मापं न सांगता गणित घातलं: आयताकृती बागेची परिमिती ९१४ हात, क्षेत्रफळ ५०,४९० चौरस हात, बाजू काढ. मापं तिनं सकाळी पाहिली होती, पण हे त्याच बागेचं गणित आहे हे तिच्या लक्षात आलं नाही, म्हणून ती सरळ मांडायला बसली. लांबी-रुंदी मिळून ४५७. एक बाजू क्ष, दुसरी ४५७ − क्ष.

क्ष² − ४५७क्ष = −५०४९०

वर्गसमीकरणाचं सूत्र तिला पाठ होतं. हिंदी शाळांत त्याला श्रीधराचार्य सूत्र म्हणतात. पण श्रीधराचार्यांची रीत कोणी दाखवली नव्हती. त्यांचा मूळ ग्रंथ हाती नाही, भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानं ती सांगितली म्हणून आपल्याला कळते. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीनं दोन्ही बाजू गुणायच्या, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. तिनं समासात तिचा शब्द लिहिला आणि सुरू केलं. दोन्हीकडून ४ ने गुणलं. दोन्हीकडे ४५७ चा वर्ग, २,०८,८४९, मिळवला.

(२क्ष − ४५७)² = ६८८९

६८८९ चं वर्गमूळ तिनं अंदाजानं शोधलं: ८० चा वर्ग ६४००, शेवटी ९ म्हणजे ८३ किंवा ८७. ८३ निघालं. अधिक आणि उणे, दोन्ही धरून २क्ष = ५४० किंवा ३७४. क्ष = २७० किंवा १८७. ती मोठ्यानं हसली आणि मुलाला हाक मारून दाखवलं. मग तिचा प्रश्न आला: यातलं खरं उत्तर कोणतं? दोन्ही. एक निवडलं की दुसरं उरलेली बाजू होतं. चार गुणायचं ते कशासाठी, तर डावीकडे पूर्ण वर्ग तयार व्हावा आणि अपूर्णांक मध्ये येऊ नयेत, हेही तिनं स्वतःच्या ओळींवरून मला सांगितलं. सूत्र पाठ असताना तिला ते कधी दिसलं नव्हतं.

पुढे

सप्लीमेंट्रीत तिला ५४ मिळाले. पेपर पुरा झाला, कारण शेवटच्या महिन्यात समासातलं लिखाण आम्ही थांबवलं होतं. ती म्हणते की लिहीत नसले तरी ते डोक्यात चालूच असतं. लॉगरिदमचे दोन प्रश्न तिनं सोडले. बेरजेचं लॉग आणि गुणाकाराचं लॉग यांत ती अजून गोंधळते आणि तिथं आम्हाला तराजूसारखं काही सापडलेलं नाही. पुढच्या सत्राचं गणित सुरू झालंय, त्यामुळे बुधवारी आणि शनिवारी ती येतेच.

गेल्या शनिवारी आली ती हातात दवाखान्याच्या बिलाचा पाठकोरा कागद घेऊन. त्यावर तिनं मला गणित घातलं होतं. आयत, परिमिती ३८ फूट, क्षेत्रफळ ८८ चौरस फूट. खाली लिहिलेलं: “उत्तर पूर्ण यायला हवं म्हणून आधी बाजू ठरवल्या, मग प्रश्न केला.” बागेच्या गणितात वर्गमूळ इतकं नेमकं कसं निघालं, हे तिच्या मनात घोळत होतं आणि तिनं ते असं सोडवलं होतं.

मी तिथंच उभ्यानं केलं. क्ष² − १९क्ष + ८८ = ०. चौपट, दोन्हीकडे ३६१, उजवीकडे ९. ११ आणि ८.

“आमचं स्वयंपाकघर,” ती म्हणाली. मग कागद माझ्या हातातून घेऊन माझ्या ओळींवरून बोट फिरवलं. “ताळा केला नाहीत काकू.”